जुन्या लॅपटॉपला नवी हार्डडिस्क : जुळणी कशी पाहावी?



या अंकातला संगणकाचा पाठ पाठ्यपुस्तकातला नाही. तो आपल्याच शाळेच्या कार्यालयात घडला आणि त्यात माझ्या स्वतःच्या दोन चुका आहेत. त्या तुमच्या हातून होऊ नयेत म्हणून हा विषय सविस्तर लिहीत आहे.

कार्यालयाच्या कपाटात 2005 साली घेतलेला एक लॅपटॉप आहे. आपल्या शाळेतील मराठीचे एक सर निवृत्तीनंतरही रोज दुपारी येऊन त्यावर काम करीत. इंदूरच्या मराठी घरांत बोलले जाणारे शब्द त्यांनी अनेक वर्षे गोळा केले. ओट्याला ओटला आणि आळीला मोहल्ला म्हणणारी आपली बोली पुण्या-मुंबईच्या शब्दकोशात पुरती सापडत नाही. ती कुठेतरी लिहून ठेवली पाहिजे, असे ते म्हणत. सर आज हयात नाहीत. माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. शाळेत रुजू झाल्यावर माझ्या मराठी परिपत्रकांतले ऱ्हस्व-दीर्घ सरांनीच लाल शाईने सुधारून दिले. त्यामुळे त्या लॅपटॉपमधला शब्दसंग्रह हे माझ्यावरचे ऋणच आहे.

कोणी विचारेल, फायली नव्या संगणकावर घेऊन जुना लॅपटॉप भंगारात का देत नाही? कारण असे की, सरांनी टंकलेखन युनिकोडमध्ये केलेले नाही. त्या काळच्या जुन्या मराठी फाँटमध्ये केलेले आहे. नव्या संगणकावर ती फाइल उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. युनिकोडमध्ये रूपांतर करणारे प्रोग्राम आहेत, पण जोडाक्षरे आणि रफार यांत ते कधीकधी चुकतात. म्हणून प्रत्येक पान जुन्या पडद्यावरच्या मूळ पानाशी ताडून पाहावे लागते. ते टंकलेखनाचे सॉफ्टवेअर त्याच लॅपटॉपवर, विंडोज एक्सपीवर चालते. तेव्हा हे काम पुरे होईपर्यंत लॅपटॉप जिवंत ठेवणे भाग होते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत त्यातून टक्-टक् असा आवाज येऊ लागला आणि विंडोज सुरू होईना. मी काय केले? चार-पाच वेळा बंद करून पुन्हा चालू केला. नंतर डिस्क तपासणारा प्रोग्राम चालवला. ही माझी पहिली चूक. मग एका दुकानात नेला. दुकानदार म्हणाला, "सर, डिस्क गई, नई डाल के फॉरमॅट मार देते हैं." फॉरमॅट हा शब्द ऐकून मी लॅपटॉप परत घेतला, पण नवी हार्डडिस्क मात्र तिथूनच विकत आणली. घरी येऊन पाहतो तर ती जोडणीतच बसेना. ही दुसरी चूक. लांबी-रुंदी अगदी तीच होती, पण टोकाशी असलेला कनेक्टर वेगळा होता.

1. आधी माहिती, मग नवी डिस्क

हार्डडिस्कमध्ये चकचकीत तबकड्या मिनिटाला हजारो फेरे फिरतात आणि वाचणारे टोक त्यांच्यावर केसापेक्षाही कमी अंतरावरून तरंगते. टक्-टक् आवाज येतो तेव्हा बहुधा ते टोक आपली जागा शोधत असते आणि त्याला ती सापडत नसते. अशा डिस्कला प्रत्येक वेळी चालू करणे म्हणजे पाय मुरगळलेल्या माणसाला जिना चढायला लावणे. म्हणून :

• आवाज आला की संगणक बंद करा. पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका.
• दुरुस्त करणारे प्रोग्राम अशा डिस्कवर चालवू नका. ते डिस्कवर लिहितात आणि तिला आणखी राबवतात.
• डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा उपाय कोणी सांगितला तर ऐकू नका. आत दव धरते आणि उरलीसुरली आशा जाते.
• डिस्क बाहेर काढून यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या संगणकाला जोडा आणि सर्वांत आधी तिची पूर्ण प्रत काढा.

प्रत काढण्यासाठी लिनक्सवर चालणारा डीडीरेस्क्यू हा विनामूल्य प्रोग्राम उपयोगी पडतो. तो आधी डिस्कचा चांगला भाग उतरवून घेतो, खराब जागा वगळून पुढे जातो आणि शेवटी त्या खराब जागांकडे परत येतो. कोणता भाग झाला आणि कोणता राहिला याची नोंद तो एका फाइलमध्ये ठेवतो. त्यामुळे मध्येच थांबावे लागले तरी काम पहिल्यापासून करावे लागत नाही. परीक्षेत आधी येणारे प्रश्न सोडवावेत आणि अडलेले शेवटी घ्यावेत, असे आम्ही तुम्हाला सांगतो. तीच ही रीत आहे. डिस्क संगणकाला दिसतच नसेल आणि आतली माहिती मोलाची असेल, तर घरी उघडू नका. धुळीचा एक कणही तबकडी खरवडतो. ते काम अशा सोयी असलेल्या प्रयोगशाळेचे आहे.

2. जुन्या डिस्कचे लेबल वाचा

नवी डिस्क घ्यायला दुकानात जाताना लॅपटॉपचे नाव सांगून भागत नाही. एकाच नावाच्या लॅपटॉपचे अनेक प्रकार बाजारात आलेले असतात. लॅपटॉपच्या तळाशी पूर्ण मॉडेल क्रमांक असतो. तो टाकून शोधल्यास बऱ्याच कंपन्यांची दुरुस्ती-पुस्तिका मिळते आणि कोणता स्क्रू आधी काढायचा तेही कळते. पण खरा पुरावा म्हणजे आतली जुनी डिस्क. तिच्या लेबलवर क्षमता, जोडणीचा प्रकार आणि लागणारी वीज छापलेली असते. लेबलचा आणि कनेक्टरचा स्पष्ट फोटो काढून घ्या आणि तोच दुकानदाराला दाखवा.

3. पाच गोष्टी जुळवा

(अ) आकार. टेबलावरच्या संगणकात 3.5 इंची डिस्क असते, लॅपटॉपमध्ये बहुतेक 2.5 इंची. काही अगदी लहान लॅपटॉपमध्ये 1.8 इंची डिस्क येत असे. तिचे कनेक्टरही वेगळे असतात.

(आ) जाडी. ही गोष्ट लोक विसरतात. 2.5 इंची डिस्क 7 मि.मी., 9.5 मि.मी. आणि 12.5 मि.मी. अशा जाडींत मिळते. 9.5 च्या जागेत 7 ची डिस्क बसते, सोबत 2.5 मि.मी. ची प्लॅस्टिकची चौकट लावली की ती हलत नाही. उलट मात्र होत नाही. 7 मि.मी. च्या खोबणीत 9.5 ची डिस्क जाणार नाही. पट्टी घेऊन मोजा.

(इ) कनेक्टर. माझी चूक इथेच झाली. जुन्या पद्धतीला आयडीई किंवा पाटा म्हणतात. त्यात दोन ओळींत बारीक पिना उभ्या असतात. लॅपटॉपच्या डिस्कला अशा 44 पिनांची जागा असते. 40 माहितीच्या जोडणीसाठी आणि 4 वीजपुरवठ्यासाठी वाढवलेल्या. त्यांतली 20 वी पिन मुद्दाम गाळलेली असते, म्हणजे उलटी जोडणी होऊ नये. नव्या पद्धतीला साटा म्हणतात. तिचे पहिले मानक 2003 साली आले आणि साधारण 2005-06 पासून ती लॅपटॉपमध्ये दिसू लागली. साटामध्ये उभ्या पिना नसतात, दोन चपट्या पट्ट्या असतात : 7 संपर्कांची माहितीसाठी आणि 15 संपर्कांची विजेसाठी. आपला लॅपटॉप 2005 चा, म्हणजे नेमका या बदलाच्या उंबरठ्यावरचा. मी गृहीत धरले, तपासले नाही.

साटाच्या तीन पिढ्या आहेत आणि त्यांचा वेग सेकंदाला अनुक्रमे सुमारे 150, 300 आणि 600 मेगाबाइटपर्यंत आहे. पण कनेक्टर तोच आहे. म्हणून तिसऱ्या पिढीची डिस्क पहिल्या पिढीच्या लॅपटॉपमध्ये सहसा चालते, फक्त कमी वेगाने. दुकानदार "साटा थ्री" म्हणाला म्हणून घाबरू नका. मात्र लांबट एम-डॉट-टू पट्टी तुमच्या जुन्या लॅपटॉपसाठी नाही. आणि काही स्वस्त छोट्या लॅपटॉपमध्ये साठवण मदरबोर्डवरच डाग देऊन बसवलेली असते; ती बदलताच येत नाही.

(ई) क्षमता. जितकी मोठी तितकी चांगली, असे जुन्या संगणकात नसते. डिस्कवरची माहिती 512 बाइटच्या कप्प्यांत ठेवलेली असते आणि प्रत्येक कप्प्याला क्रमांक असतो. जुन्या बायोसमध्ये हा क्रमांक 28 बिटांचा होता. मग जास्तीत जास्त कप्पे किती? 2 चा 28 वा घात, म्हणजे 26,84,35,456. त्याला 512 ने गुणले की सुमारे 137 जीबी येतात. त्यापुढचे कप्पे असूनही अशा संगणकाला दिसत नाहीत. टपालपेटीवर तीनच आकडे लिहायला जागा असेल, तर हजाराव्या घराला पत्र कसे पोहोचणार? 2002 च्या सुमारास 48 बिटांची पद्धत आली आणि ही अडचण मिटली. पण त्या काळच्या प्रत्येक लॅपटॉपचा बायोस सुधारलेला असेलच असे नाही. म्हणून आयडीईच्या लॅपटॉपला 120 जीबीपर्यंतची डिस्क घेणे सुरक्षित. साटाच्या लॅपटॉपला ही चिंता सहसा नसते. तिथे 2 टीबीपर्यंतची डिस्क जुन्या पद्धतीच्या पार्टिशनवरही चालते.

(उ) वीज. 2.5 इंची डिस्क 5 व्होल्टवर चालते. लेबलवर अँपिअरचा आकडा असतो. नव्या डिस्कचा आकडा जुन्यापेक्षा फार मोठा नसावा.

4. बाजारात काय घ्यावे?

साटा असेल तर निवड सोपी आहे : 2.5 इंची, 7 मि.मी. ची एसएसडी घ्या. तिच्यात फिरणारी तबकडी नसते, आवाज नसतो, आणि सात-आठ वर्षांचा मंद लॅपटॉपही तिच्यामुळे पुन्हा कामाचा होतो. ज्या पालकांना मुलांच्या अभ्यासासाठी नवा लॅपटॉप परवडत नाही, त्यांनी जुना टाकण्यापूर्वी हा एक उपाय अवश्य करून पाहावा.

आयडीई असेल तर अडचण असते, कारण या पद्धतीच्या नव्या डिस्क आता बनत नाहीत. तीन वाटा उरतात. पहिली, वापरलेली जुनी डिस्क घेणे. पण ती आपल्या डिस्कइतकीच म्हातारी असते. दुसरी, कॅमेऱ्यात वापरतात ते कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड 44 पिनांच्या अडॅप्टरवर बसवणे. तिसरी, एमसाटा नावाची छोटी एसएसडी 44 पिनांच्या 2.5 इंची चौकटीत बसवणे. आम्ही तिसरी वाट घेतली. 64 जीबीची एमसाटा पट्टी 40 जीबीच्या जुन्या डिस्कच्या जागी बसली.

दोन सावधगिरीच्या सूचना. "नवी" म्हणून दिलेली डिस्क जोडल्याबरोबर क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या प्रोग्रामने तिचे चाललेले तास पाहा. आकडा हजारांत असेल तर ती वापरलेली आहे. तशीच परत करा. आणि बाहेरून यूएसबीने जोडायची पोर्टेबल डिस्क फोडून आतली डिस्क लॅपटॉपमध्ये घालावी असा विचार करू नका. तशा काही डिस्कमध्ये यूएसबीचा कनेक्टर थेट सर्किटवरच असतो, साटा नसतोच.

5. बसवताना

चार्जर काढा आणि बॅटरीही काढा. हातातली स्थिर वीज जाण्यासाठी जमिनीशी जोडलेल्या धातूच्या वस्तूला स्पर्श करा. प्रत्येक स्क्रू कुठून निघाला ते कागदावर चित्र काढून तिथेच चिकटपट्टीने लावा. जुनी डिस्क धातूच्या चौकटीत असते आणि पुष्कळदा तिच्या पिनांवर एक छोटा जोड-कनेक्टर बसवलेला असतो. तो डिस्कचा भाग वाटतो, पण असतो लॅपटॉपचा. तो हलक्या हाताने, दोन्ही बाजूंनी सारखा ओढून काढा आणि नव्या डिस्कवर लावा. आपल्या दहावीतल्या एका विद्यार्थ्याच्या हे लक्षात आले. मी तर तो जुन्या डिस्कबरोबर बाजूला ठेवून दिला होता.

जुन्या डिस्कची प्रत नव्यावर उतरवायची असेल तर नवी क्षमतेने बरोबरीची किंवा मोठी हवी. एका कंपनीची 40 जीबी आणि दुसरीची 40 जीबी यांत काही कप्प्यांचा फरक असू शकतो, म्हणून थोडी मोठी घेणे बरे. साटा लॅपटॉपवर विंडोज एक्सपी घालताना निळा पडदा येऊन संगणक थांबला, तर बायोसमध्ये एएचसीआय ऐवजी आयडीई किंवा कम्पॅटिबिलिटी हा पर्याय निवडून पाहा. एक्सपीकडे एएचसीआयचा ड्रायव्हर मुळात नसतो.

आणखी एक महत्त्वाचे. एक्सपीला सुरक्षा सुधारणा मिळणे 8 एप्रिल 2014 रोजी थांबले, विंडोज 7 चे 14 जानेवारी 2020 रोजी आणि विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. नवी डिस्क घातली म्हणून जुनी विंडोज सुरक्षित होत नाही. आपला शब्दसंग्रहाचा लॅपटॉप आम्ही इंटरनेटला जोडत नाही. घरच्या लॅपटॉपवर इंटरनेट हवे असेल तर लिनक्सची एखादी हलकी आवृत्ती टाकावी.

6. शेवटी काय हाती आले?

डीडीरेस्क्यू दोन दिवस आणि एक रात्र चालला. प्रयोगशाळेचा पंखा डिस्ककडे वळवून ठेवला होता आणि शिपाईकाका मधून मधून येऊन "अजून टक्-टक् करतेय" अशी खबर देत होते. सरांच्या शब्दसंग्रहाच्या 31 फायलींपैकी 29 संपूर्ण निघाल्या. 'प' आणि 'भ' या दोन अक्षरांच्या फायली अर्धवट निघाल्या. त्यांच्या मधल्या जागा वाचताच आल्या नाहीत. मी पहिल्याच दिवशी लॅपटॉप बंद करून ठेवला असता, तर त्या दोन फायलीही कदाचित वाचल्या असत्या. ही खंत मला राहील.

पण त्याहून मोठी चूक आधीच झाली होती, आणि ती डिस्कची नव्हती. इतक्या वर्षांत त्या फायलींची दुसरी प्रत कोणीच केली नाही. सरांनी केली नाही, आणि मुख्याध्यापक या नात्याने मीही विचारले नाही. आता या संग्रहाच्या तीन प्रती आहेत : एक लॅपटॉपमध्ये, एक कार्यालयातील वेगळ्या डिस्कवर आणि एक शाळेबाहेर, विश्वस्तांच्या घरी. छापील प्रतही काढत आहोत. कागदाला कनेक्टर लागत नाही.

लक्षात ठेवा

• विचित्र आवाज आला की बंद करा; आधी प्रत, मग दुरुस्ती.
• लॅपटॉपच्या नावावर विसंबू नका. जुन्या डिस्कचे लेबल वाचा.
• आकार, जाडी, कनेक्टर, क्षमता, वीज : पाचही जुळले तरच पैसे द्या.
• जोड-कनेक्टर आणि चौकट जपून ठेवा.
• एकच प्रत म्हणजे प्रत नसल्यासारखीच.

स्वाध्याय

1. 500 जीबीची डिस्क विंडोजमध्ये सुमारे 465 जीबी का दाखवते? (सूचना : कंपनी 1 जीबी म्हणजे 100 कोटी बाइट धरते, विंडोज 1,07,37,41,824 बाइट धरते.) याच रीतीने 40 जीबीची डिस्क किती दाखवेल ते काढा.
2. क्रमांक 32 बिटांचा असेल आणि कप्पा 512 बाइटचा, तर जास्तीत जास्त किती माहिती मावेल? वर दिलेल्या 2 टीबीच्या मर्यादेशी उत्तर ताडून पाहा.
3. नव्या डिस्क आतून 4096 बाइटचे कप्पे वापरतात. एका मोठ्या कप्प्यात 512 बाइटचे किती कप्पे मावतात? विंडोज एक्सपी पहिले पार्टिशन 63 व्या कप्प्यापासून सुरू करते. त्या मोठ्या कप्प्यांच्या हद्दीशी ते जुळते का?
4. घरी बंद पडलेला लॅपटॉप असेल तर मोठ्यांच्या मदतीने त्याच्या डिस्कचा कनेक्टर पाहा आणि पाटा की साटा ते वहीत चित्रासह नोंदवा.
5. हा प्रश्न सर्वांसाठी आहे, आणि मला त्याचे उत्तर खरोखर हवे आहे. आपल्या आजी-आजोबांना विचारा : आपल्या घरात बोलले जाणारे, पण पुस्तकात न भेटणारे 'प' आणि 'भ' या अक्षरांनी सुरू होणारे शब्द कोणते? शब्द, अर्थ आणि तो शब्द असलेले घरातले एक वाक्य कागदावर लिहून कार्यालयात आणून द्या. हस्ताक्षर कसेही असो, शुद्धलेखनाचे गुण कापले जाणार नाहीत.

सरांनी त्या फायली घरोघरी जाऊन, ओटल्यावर बसून, चहा पिता पिता भरल्या होत्या. डिस्कवरून जे गेले ते अजून या शहरातल्या घरांत बोलले जात असेल. ते आणायला फक्त तुम्हीच जाऊ शकता.

— मुख्याध्यापक